माणूस नसलेली नो-एंट्री

१७ सप्टेंबर, बुधवार

लेकीचा, निशाचा फोन. सोळा ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता, फ्लॉरेन्सला, तिच्या मास्टर्सच्या प्रबंधाचं सादरीकरण. प्राध्यापकांपुढं उभं राहून बोलायचं. मागं घरची माणसं बसतात. झालं की डोक्यावर पानांचा मुकुट घालतात. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच. मी नववीतून बाहेर पडून लेथवर उभा राहिलो आणि आज उद्यमनगरात माझ्या शेडमधून गेलेला जॉब खोट निघून परत येत नाही. त्यामुळं डिग्रीचं मला अप्रूप नाही. तरी जायला पाहिजे. पहिल्या रांगेत बसणार.

ती म्हणाली, रोमला उतरा आणि ट्रेननं या, दीड तासात पोचता. मी म्हणालो, भाड्यानं गाडी घेऊन येतो. तर म्हणाली, "पप्पा, हितं जुन्या शहरात गाड्या सोडत न्हाईत."

मला सांगते. चौतीस वर्षं कोल्हापुरात गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. (२०११ चा ओरखडा रिक्षावाल्याचा.)

२१ सप्टेंबर, रविवार

अभ्यास सुरू. त्या भागाला झेड-टी-एल म्हणतात. लाल काठाचा पांढरा गोल बोर्ड, त्याच्या वर कॅमेरा. परवानगी नसताना आत गेलात की तो नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि दंड घरी येतो. यूट्यूबवर यावर रडणाऱ्यांची रांग लागलीय. अमेरिकेचे, पुण्याचे, सगळे शिकलेले. एकानंही जायच्या आधी रस्त्याची रुंदी मोजली नव्हती.

मी मोजली. उपग्रहाच्या नकाशावर, स्केल लावून. सगळ्यात अरुंद गल्ली दोन मीटर तीस. गुजरीच्या बोळात आपण याच्यापेक्षा कमीत वळवतो, ते पण समोर म्हैस असताना.

बायको, मीना, म्हणाली, "अवो, पण त्ये सोडतच न्हाईत म्हणत्यात न्हवं?" रुंदीचा प्रश्न सुटल्यावर हा प्रश्न उरत नाही, हे तिला कळत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

नवरात्र. देवळाच्या बाजूचे सगळे रस्ते बंद. आज मुद्दाम गाडी काढली. काम काही नव्हतं. सराव.

बिंदू चौकाच्या पुढं बॅरिकेड. हवालदार तरुण, चेहरा कडक. काच खाली केली. मीच विचारलं, गाव कुठलं? कुरुंदवाड. कुरुंदवाडात कुठं? घाटाकडं. मग भाऊसो मास्तर माहीत असतील. त्यांच्याकडंच शिकला म्हणे. भाऊसो मास्तर माझ्या साडूचे चुलते. बॅरिकेड त्यानं स्वतःच्या हातानं सरकवलं. "जावा पावणं, पर लगीच भाईर या."

माझा सिद्धांत इथं लिहून ठेवतो, कारण कुठल्याच पुस्तकात तो नाही. नो-एंट्री म्हणजे बोर्ड नव्हे. नो-एंट्री म्हणजे माणूस. बोर्डाशी बोलता येत नाही, पण बोर्ड आडवाही येत नाही. माणूस आडवा येतो, पण त्याच्याशी बोलता येतं. म्हणजे दोन्हीकडून रस्ता मोकळाच.

शेजारच्या शेडच्या आकारामला सिद्धांत सांगितला. तो म्हणाला, "आणि कॅमेऱ्याचा साडू कोण?" आकारामची कुवत तेवढीच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तिकडं स्टिअरिंग डावीकडं आणि गिअर उजव्या हाताला. शेडमध्ये खुर्ची टाकून सराव केला. डाव्या हातात स्टिअरिंग म्हणून ताट, उजवा हात गिअर म्हणून व्हाइसच्या दांड्यावर. तीन दिवसांत हात बसला. आज संध्याकाळी घरी करत होतो तर मीनानं ऐन वळणावर ताट काढून घेतलं. जेवायची वेळ झाली म्हणे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

इटालियन भाषा जवळजवळ झाली. मोबाईलवर, रोज सकाळी, गुरूशिवाय. लोक वर्षानुवर्षं क्लास लावतात. त्यात "सफरचंद लाल आहे" शिकवतात. मी कामाचं तेवढंच घेतलं. तुमचं गाव कुठलं. घरी कोण कोण असतं. मी मुलीकडं आलोय. पाचच मिनिटं.

आकारामनं शेडमधल्या सगळ्यांच्या देखत विचारलं, "गणपतराव, पोरगीचा कार्यक्रम बघायला चाललाय का गाडी लावायला?" दोन्ही, म्हणालो. पोरं हसली. हसू देत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. रोम

गाडी मिळाली. काउंटरवरच्या पोरानं फ्लॉरेन्सच्या नकाशावर मधोमध लाल पेननं गोल काढला आणि इंग्लिशमध्ये तीनदा नो म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला असं घाबरवत असणार. गाडी एवढीशी, डब्यासारखी. डाव्या आरशाचा स्क्रू सैल होता. माझ्याजवळच्या पान्यानं आवळून दिला. आभार नाही.

हायवे बरा. टोलला पिवळ्या रेघांच्या लेनमध्ये गेलो कारण तिथं गर्दी नव्हती. ती काचेवर टॅग लावलेल्यांची निघाली. मागं हॉर्न. इटलीचा हॉर्न फुसका आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार. फ्लॉरेन्सच्या बाहेर

हॉटेल शहराबाहेर. निशानंच तसं सांगितलं होतं. रात्री जेवायला आली. वाळलीय. हातात कागदांचा गठ्ठा, जेवतानाही ओठ हलत होते. उद्याचं पाठ करत असणार. मी तिला कमीत कमी हालचालीत तिरक्या पार्किंगमध्ये गाडी कशी घालायची ते सविस्तर सांगितलं, म्हणजे तिचं मन दुसरीकडं लागेल.

निघताना म्हणाली, "पप्पा, ट्रॅम हॉटेलच्या दारातनं हाय. पंचवीस मिन्टं. उतरलं की सरळ चालायचं. मला तुमी दोघं तिथं पायजे." आणि तिकिटं मीनाच्या हातात दिली. माझ्या नाही. ते बघितलं मी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ८.४०. निघालो. मीना ट्रॅमच्या थांब्याकडं बघत होती. तिला म्हणालो, बाप पहिल्यांदा लेकीच्या दारात जातोय, तो बसनं जात नसतो. ट्रॅम आहे ती, म्हणाली. तेच ते.

९.२५. पहिला बोर्ड. लाल काठाचा गोल. गाडी बाजूला घेतली आणि नीट बघितलं. बॅरिकेड नाही. दोरी नाही. शिट्टी नाही. माणूस नाही! चारही बाजूंना बघितलं. एवढं मोठं शहर, शेकडो वर्षांचं, आणि नाक्यावर एक हवालदार उभा करायची यांची ऐपत नाही. ज्या नो-एंट्रीला माणूस नाही ती नो-एंट्री त्यांनी मनावर घेतलेली नाही, असाच अर्थ होतो. आत गेलो.

९.५०. गल्ल्या सगळ्या वन-वे. फिरून फिरून बाहेर आलो, परत आत गेलो, असं तीनदा. नदी डावीकडं पाहिजे होती, उजवीकडं आली. पायी चालणारे रस्त्याच्या मधून चालतात आणि गाडी आली की चोर आल्यासारखं बघतात. मीना म्हणाली, "ह्यो बोर्ड मगाशी बगितला." वेगळा होता. (तोच होता, पण त्यानं काही बिघडत नाही.)

१०.०५. सिग्नलला मीना उतरली. म्हणजे दार उघडलं, पिशवी घेतली आणि खाली. "तुमी या सावकाश. मी चालले लेकीकडं." इंग्लिश येत नाही, इटालियन येत नाही, अंगावर इरकल. मोबाईलवर निशानं पाठवलेला पत्ता एका म्हातारीला दाखवत होती. म्हातारीनं तिचा हात धरला. हिरवा सिग्नल झाला.

१०.२०. जागा मिळाली! नुसती मिळाली नाही. दोन गाड्यांच्या मधली, एका फेरीत, फुटपाथपासून एका वितीवर. पांढरी रेघ. पांढरी म्हणजे फुकट, हा माझा अभ्यास. खांबावर झाडूवाल्या गाडीचं चित्र आणि काहीतरी वार लिहिला होता. म्हणजे इथं रस्ते झाडतात. चांगली सवय. नकाशात हॉल दीड किलोमीटर. बावीस मिनिटं. वेळच वेळ.

१०.३०. (हे खांबाला टेकून लिहितोय.) चालायला लागलो होतो. कोपऱ्यावर सहज मागं बघितलं तर गाडीजवळ गणवेशातली एक बाई उभी. पोलीस. माणूस! सकाळपासून ज्याची वाट बघत होतो तो माणूस. पाच मिनिटांचं काम. परत आलो.

१०.५०. हसून नमस्कार केला. गाव विचारलं. तिनं खांबावरचा बोर्ड दाखवला. म्हणालो ते कळलं, पण गाव? तिनं घड्याळ दाखवलं. मग गाव सांगितलं, बहुतेक, नाहीतर रस्त्याचं नाव. घरी कोण कोण असतं विचारलं. ती दोन पावलं मागं सरकली. मुलीकडं आलोय म्हणालो. पाचच मिनिटं. एवढ्या ओळखीवर आपल्याकडं माणूस चहा मागवतो. हिनं वायरलेस काढला.

११.०५. निघायला पाहिजे होतं. पण बोलणं अर्धं सोडून जाणं बरं दिसत नाही, आणि तिचा चेहरा आता थोडा सैल पडत होता. कुरुंदवाडच्या हवालदारालाही सुरुवातीला वेळच लागला होता. निशाचा फोटो दाखवला. ती फोटोकडं बघून काहीतरी चांगलं म्हणाली. मग लांबच्या दिशेला बोट केलं आणि हातानं जा, जा केलं. हाकलत होती का सांगत होती, समजलं नाही. गाडी सोडून कसं जाणार?

११.२०. क्रेन आली. चाकांखाली पट्टे घालायची यांची पद्धत चुकीची आहे. मी दाखवलं. ऐकलं नाही. तरी बाईनं माझं नाव, लायसन, परमिट सगळं व्यवस्थित लिहून घेतलं, म्हणजे ओळख झाली नाही असं म्हणता येणार नाही. गाडी उचलल्यावर खालचा रस्ता झाडणारी गाडी आली आणि तेवढा तुकडा झाडून गेली.

१२.१०. पळतच गेलो. हॉलच्या बाहेर चौकात माणसं. निशाच्या डोक्यावर मुकुट होता, लाल फीत लावलेला. तिच्या मैत्रिणी गाणं म्हणत होत्या आणि मीना मध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होती, गाणं येत असल्यासारखं. मला बघून निशा थांबली. "पप्पा, कुठं होता?" सगळं क्रमानं सांगितलं. झाडूचा बोर्ड, क्रेन, पट्ट्यांची चूक. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवला काय?"

आत मोबाईल बंद ठेवावे लागतात. त्यामुळं आतला फोटो, व्हिडिओ काही कुणाकडं नाही.

रात्री. मीनाला विचारलं, पहिल्या रांगेत जागा होती का? म्हणाली, होती. माझ्या शेजारची. पिशवी ठेवली होती तिथं, कुणी बसू नये म्हणून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गाडी सोडवून आणली. निशा बरोबर आली आणि सगळं तीच बोलली. एकच गेट मी चार वेळा ओलांडलं, म्हणजे चार वेगळे दंड, असं ती तिथल्या माणसाकडून समजून मला सांगत होती. एकाच गेटचे चार? कोल्हापुरात असला कारभार एक दिवस चालला नसता. तसं म्हणालो. परतताना रोमपर्यंत ट्रेननं आलो, गाडी फ्लॉरेन्सलाच परत केली. पाठ धरली होती, म्हणून.

२५ ऑक्टोबर, शनिवार. कोल्हापूर

दिवाळी उरकली. आकाराम फराळाला आला. प्रवासाचं विचारत होता. हॉल कसा होता, छत किती उंच, खुर्च्या कसल्या, सगळं सांगितलं. खुर्च्या बाहेरून खिडकीतून बघितल्या होत्या. बाकीचं अंदाजानं, पण माझा अंदाज चुकत नाही.

मग त्यानं विचारलं, पोरगी कशावर बोलली? मी म्हणालो, आर्किटेक्चरवर. "त्ये झालं की. पर आर्किटेक्चरात कशावर?" मी चिवडा पुढं केला.

मीना आतून लाडू घेऊन येत होती. ती म्हणाली, "जुन्या गावात गाड्या न्यायच्या का न्हाईत, त्यावर. आपल्या देवळाभोवतीचं फोटो पण दाखवलं तिनं. महाद्वार रोडचं. त्या मास्तरांस्नी लई आवडलं. इटालियनमधी बोलली सगळं, पर फोटोवरनं मला कळलं."

"मग काय ठरलं?" आकाराम.

"न्यायच्या न्हाईत."

आकारामनं लाडू फोडला. बराच वेळ खात होता. मग मला विचारलं, "तुमी कुठं बसलासा मग?"

मी म्हणालो, मागं.

खोटं नाही ते. दीड किलोमीटर मागं.