डाव्या चेनची बॅग

प्रिय,

हा शब्द सवयीने लिहिला गेला, मनावर घेऊ नकोस. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे ही बाई काहीतरी मागायला आली असणार, असं तुला वाटेल. पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं ऐक, की तुम्ही दोघं शनिवारी बर्फात कॅम्पला निघताय आणि मी लिहितेय ते त्याबद्दलच आहे. फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास. उचलला असतास तरी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नसतंस. लग्नाच्या नऊ वर्षांत तो अनुभव भरपूर घेतलाय.

परवा दुपारी तुझी बायको आमच्या दुकानात आली होती. दचकू नकोस, तिला मी कोण ते माहीत नाही. आपण वेगळे झाल्यापासून मी डोंगरवाल्यांच्या सामानाच्या दुकानात काम करते. बूट, दोर, तंबू हे बाकीचे बघतात, स्लीपिंग बॅगांचा कोपरा माझा. मुलगी गोड आहे. दर दोन वाक्यांनी हसते, आणि हसून झाल्यावर आपण उगाच हसलो की काय, अशी बघते. मला ताई म्हणाली. हातात चिठ्ठी होती: उणे दहा, हलकी, डावी चेन. त्यांच्या बॅगेची चेन उजवीकडे आहे, माझी डावीकडे असली की दोन्ही जोडून एक करता येईल, असं तिने लाजत सांगितलं. तोवर मी अक्षर ओळखलं होतं. दहाचं शून्य तू अजूनही घाईत उघडंच सोडतोस.

जोडलेल्या बॅगेतलं सुख मी तिला सांगू शकले असते. तू कूस बदललीस की गळ्याशी ही एवढी फट पडते आणि आतली सगळी ऊब निघून जाते. तुला ते कधी कळलंच नाही, कारण तुझं अंग मुळातच भट्टी. तुझ्या बॅगेची जुनी जोडीदारीण माझ्याकडे कपाटात टांगलेली आहे. पिसांची बॅग दाबून ठेवली की पिसं मरतात, म्हणून टांगलीय. बाकी काही अर्थ काढू नकोस.

आमच्याकडे मी एक रीत घातलीय. बॅग घ्यायला आलेल्या माणसाला मी दुकानातच झोपवते. खाली मॅट अंथरते, बूट काढायला लावते आणि बॅगेत घालून चेन वर ओढते. चांगले मिशाळ, भारदस्त लोक लहान मुलासारखे छताकडे बघत पडून राहतात. मग मी विचारते, घरी झोपताना पायात मोजे घालता का? आणि मग लेबल दाखवते. लेबलावर दोन आकडे असतात. पहिला आरामाचा, तो बाईमाणसाचं अंग धरून काढलेला. दुसरा त्याहून खालचा, धडधाकट पुरुष आखडून पडला तर जेमतेम रात्र काढेल असा. लोक घाईघाईत दुसरा वाचतात आणि खूश होतात. बॅगेवर मोठ्या अक्षरात उणे दहा लिहिलेलं असतं, आणि काटकुळ्या अंगाच्या बाईला ती उणे चारपर्यंतच पुरते. हे मी गेल्या सहा वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंय. मालक म्हणतात, तुम्ही विकता कमी आणि घाबरवता जास्त.

मला हे कुणी शिकवलं, ते तुला ठाऊक आहे. आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझी बॅग तूच निवडलीस. दुकानदार बिचारा त्या दोन आकड्यांबद्दल काहीतरी सांगत होता, तर तू म्हणालास की आमच्या मॅडम दणकट आहेत. मला कोण आनंद झाला होता! त्या आनंदात बर्फातली पहिली रात्र दात आवळून काढली. सकाळी तू विचारलंस झोप लागली का, मी हो म्हणाले. तुझ्या ग्रुपसमोर तुझी बायको कुडकुडी निघाली, असं व्हायला नको होतं. दुसऱ्या सकाळी मला बुटाची नाडी बांधता येईना. बोटं कुठे आहेत तेच कळेना. तू म्हणालास, हवा आजच्या दिवसापुरतीच उघडी आहे, आज नाही तर यंदा नाही. आणि तू वर गेलास. मला गाइडने खाली आणलं, अर्धी वाट पाठीवर घेऊन. डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. नेलकटर लागून रक्त आलं तरी दिसेपर्यंत समजत नाही. त्यानंतर आपण आठ वर्षं एकत्र राहिलो. कशी राहिलो, ते मी आता आठवत बसत नाही.

तर तुझ्या बायकोलाही मी झोपवलं. गुडघे टेकून तिची चेन वर ओढली, डोक्याभोवतीची दोरी आवळली. एवढंसं तोंड बाहेर राहिलं. तशी पडल्यापडल्या ती हळूच म्हणाली की ताई, मला खरंतर फार थंडी वाजते, उन्हाळ्यातही मोजे लागतात, पण त्यांना सांगितलेलं नाही, त्यांना कुरकुर आवडत नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं ते लेबलाचं. तेवढ्यात ती हसली आणि म्हणाली, त्यांची आधीची बायको म्हणे दुसऱ्याच दिवशी भोकाड पसरून खाली निघून गेली, सगळ्यांच्या ट्रिपचा विचका केला. मी तसं मुळीच करणार नाहीये.

भोकाड! अरे, मी तेव्हा रडलेसुद्धा नव्हते. रडायचं सुचायला आधी शुद्ध ठिकाणावर असावी लागते.

मी चेन खाली ओढली, तिला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, साहेबांनी अगदी बरोबर निवडलीय. बॅग बांधून दिली. तिने वॉरंटीच्या फॉर्मवर तुझ्या-माझ्या जुन्या घराचाच पत्ता लिहिला, शेवटचा आकडा ती चुकली आणि तो मी दुरुस्त केला. तिला त्याचंही काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला बरं वाटत होतं. भोगू दे एकदा, म्हणजे कळेल, असं मी मनात म्हणाले. आणि जिला भोगायचं होतं तिने माझं काय घोडं मारलं होतं, याचा विचार करायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडावी लागली. कॉलेजातली एक मुलगी मॅटवर पडली होती, तिला मी नेहमीप्रमाणे दोन आकडे समजावायला लागले आणि मध्येच थांबले. माझी मलाच शरम वाटली.

या पत्राबरोबर आमचा डिलिव्हरीचा माणूस एक बॅग घेऊन आलाय. डाव्या चेनची, आरामाचा आकडा उणे बारा. परवाची त्याच्याजवळ परत दे. तिला सांग, तूच बदलून मागवलीस. तेवढं श्रेय तू घे, तुला ते जमतं. मी तिलाच फोन करू शकले असते, नंबर फॉर्मवर आहे. पण बॅग बदलली तरी ती तंबूत झोपणार आहे तुझ्याशेजारी, आणि तिथे ती काही बोलणार नाही, मी बोलले नव्हते तशीच. म्हणून तुला लिहायला बसले. नाहीतर तुला लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. पहिल्याच रात्री तिला विचार, थंडी वाजतेय का. ती नाही म्हणेल. तरी तिचे मोजे काढ आणि पायांना हात लावून बघ.

आता तुझी कुणी नसलेली,
मी