पाय धुवायचं पाणी

बपेरा

प्रिय चंद्रकुमार,

तुमचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, म्हणून कागदावर घेताना हात जरा अडखळला. घरी सगळं बरं आहे. धान निसवलं आहे, लोंब्या बाहेर पडल्यात. आपली गुड्डी बारावीला गेली आणि तुमच्यासारखाच उभ्याने चहा पिते. आई भिंत धरून चालतात, पण दुपारी पायरीवर पाण्याने भरलेला पितळी गुंड ठेवायला विसरत नाहीत. शिफ्ट करून आलात की पाय धुऊनच आत यायचं, हा त्यांचा नियम. संध्याकाळी गुंड भरलेलाच असतो. त्या ते पाणी तुळशीला घालतात.

माझं सांगते. वकिलीची सनद ट्रंकेत ठेवून मी इतकी वर्षं घर सांभाळलं. तुम्ही गेल्यावर ती बाहेर काढली आणि चाळिशी उलटल्यावर नागपूरला एलएलएमला नाव घातलं. विषय कामगार कायदा. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात. सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, कामगाराचं काम कुठे संपतं? सगळे म्हणाले, गेटवर. मी म्हणाले, घरी पाय धुतले की. मुलं हसली. सर हसले नाहीत. कायदासुद्धा गेटपाशी थांबत नाही, म्हणाले, तो कामगारासोबत थोडा बाहेर येतो. किती बाहेर, यावरच सगळे खटले. मी तेवढ्याच अंतरावर प्रबंध लिहायला घेतला.

ते अंतर म्हणजे आपल्या तलावाची पाळ, त्या बांधावरची वाट. तुमच्या जागी येणारा बदलीवाला आला नाही म्हणून रात्रपाळीला लागूनच तुम्हाला सकाळची शिफ्टही करायला लावली. कारखान्याच्या बसने फाट्यावर उतरवलं. तिथून सायकलने पाळीवरून येताना तुम्हाला डुलकी लागली असावी. चिंचेच्या वळणावर सायकल काठाला सापडली, तुम्ही पाण्यात. भरपाईचा आपला खटला मीच चालवते. कारखान्याचा वकील म्हणतो, बसमधून पाय खाली टाकला तिथेच ड्यूटी सुटली, पुढचं ज्याचं त्याचं. मी म्हणते, नाही. ती झोप कारखान्यातूनच सोबत आली होती. घरी पोचेपर्यंत हा माणूस ड्यूटीवरच होता.

सायकल पडवीत उभी आहे, गंजलेली, घंटीसकट. तरी दुपारी तिची घंटी पाळीवर वाजते. लागोपाठ दोनदा, तुमची सवय. बगळे एकदम उडतात आणि चिंचेपाशी आवाज थांबतो. मी भास समजत होते. मग बसचे ड्रायव्हर यादोराव बाजारात भेटले. पिशवीकडे बघत म्हणाले, "वैनी, फाट्यावर आता कोनीच उतरत नाही. पन माहा पाय ब्रेकावर जातेच. दरवाजा उघडतो, जरासा थांबतो, अन् बस हलकी होऊन जाते."

प्रबंध पुढे सरकू लागला तशी घंटीही सरकू लागली. पहिलं प्रकरण झालं आणि ती चिंच ओलांडून आली. रस्त्यावरचं प्रकरण संपवलं त्या दुपारी देवळापाशी वाजली. परवा कुंपणापाशी. गुड्डीने पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून फाटकाची कडी काढून ठेवली. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ड्यूटीवरच हाय तो अजून. सुटला म्हनून त्याले सांगतलं कोनं?"

तेव्हा मला उमगलं. बदलीवाला आल्याशिवाय जागा न सोडणारा माणूस तुम्ही. कोणी सुटलात म्हणालं नाही, आणि मी तर पानामागून पान लिहून तुम्हाला ड्यूटीवरच ठेवत गेले. उद्या भंडाऱ्याला शेवटची सुनावणी आहे. तिथे मी पुन्हा तेच म्हणणार, कारण ते खरं आहे; बाप आपल्याच चुकीने बुडाला, हे ऐकत गुड्डीने जगू नये. पण कोर्ट काहीही म्हणो, तुम्ही त्या पाळीवर अडकून राहू नये, म्हणून कोर्टाच्या आधी हे पत्र. तुमचं काम संपतं ती जागा मीच ठरवते. आपली पायरी. तुमची ड्यूटी सुटली. पाय धुवा. आत या, किंवा जिथे जायचं तिथे निवांत जा.

घंटी आता अंगणात वाजली. गुड्डी कॉलेजात आहे, आई आत झोपल्या आहेत. माझ्या मागे पायरीवर पाणी पडतंय, सावकाश, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर. मी वळून बघत नाही. आधी सही करते.

तुमचीच,
रुखमिणी