ग्रीन टी आणि अण्णांच्या गोळ्या

मंगळवार, दि. १४
दुपारी दीड

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील. इकडे माझं चहापत्तीचं दुकान ठीक चाललंय. मागच्या भिंतीची ओल एकदाची काढून घेतली, रंगही दिला.

माझा फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझी काही चूक नाही. म्हणून हे पत्र तुझ्या लॅबच्या वॉचमनकडे देतोय. फाडायच्या आधी एवढं वाच : अण्णा शुक्रवारपासून सरकारी हॉस्पिटलात आहेत. मोठ्या आतड्याची सूज पुन्हा उसळलीय. दिवसातून पंधरा-वीस वेळा संडास, आणि रक्त. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस, आता स्वतःचा पायजमा कमरेवर टिकत नाही. काल नर्सला म्हणाले, "इथे दोन टाके मारून द्या हो." ती हसली. मी बाहेर गेलो.

गेल्या वर्षी घरी, स्वयंपाकघरात तू मला समजावलं होतंस. ग्रीन टीतली काही द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात, तिथले जीवाणू ती फोडतात, काही लोकांत चांगले जीवाणू वाढलेलेही दिसतात. पण माणसागणिक फरक पडतो आणि हे औषध नव्हे, हेही तू बजावलं होतंस. मी 'पण'च्या आधीचं तेवढं दुकानाच्या पाटीवर छापलं, खाली तुझं आणि लॅबचं नाव. तुला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. तू पाटी काढ म्हणालीस, तर मी म्हणालो, "तुझ्या बाटल्यांतले जंतू तुला सख्ख्या भावापेक्षा जवळचे."

त्याची माफी मागायला हे लिहीत नाहीये. त्याहून वाईट आहे.

अण्णा ती पाटी गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे. "लेकीचा अभ्यास, लेकाचं दुकान." स्वतः सकाळ-संध्याकाळ ग्रीन टी प्यायचे. पोट हलकं वाटतंय म्हणायचे, आणि वाटतही असेल. एक दिवस आतड्याच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. "बारक्या, या आता बंद करू का?" मी पुडी बांधत होतो. मान वर न करता म्हणालो, "करून बघा."

आठ महिने, ताई. एक गोळी नाही. आणि मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, आमच्या वडिलांच्या गोळ्या सुटल्या.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या रोज घेतात ना?" मी म्हणालो, "हो." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेही म्हणाले, "हो हो, रोज." मला वाचवायला खोटं बोलले. सलाइनमधून औषध देऊनही उतार पडेना. गोळ्या चालू असून ही गत, म्हणजे आता आतडंच काढायला हवं, असं ठरलं. उद्या सकाळी. मग जन्मभर पोटाला संडासची पिशवी. चार दिवस मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प होतो.

आज ऑपरेशनच्या सहीचा कागद पुढे आला तेव्हा तोंड उघडलं. बाई ओरडल्या नाहीत. "आठ महिने? आणि हे आज सांगताय?" मग म्हणाल्या, "तसं असेल तर एक दुसरं इंजेक्शन देऊन दोन दिवस बघू. पण गुण आला नाही, तर ऑपरेशन सोसायची ताकद त्यांच्यात किती उरेल, सांगता येत नाही."

अण्णा माझ्यावरच चिडले. "कशाला बोललास? आता दुकानात कोण येईल?" त्यांना अजून माझ्या दुकानाची पडलीय.

आणि ते इंजेक्शन घेत नाहीयेत. ऑपरेशनही नको म्हणतात. "ताईला विचारा," एवढंच. मी जोर केला तर माझं ऐकतील. पण आता माझ्या तोंडून त्यांना काहीही सांगायची मला भीती वाटते. बाई उत्तरासाठी संध्याकाळी सहापर्यंत थांबणार आहेत.

दुसरा मजला, खिडकीकडची खाट. घे म्हण किंवा कापा म्हण, पण तू म्हण. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. मी जिन्यात उभा राहीन. ये गं. मला काही सुचत नाहीये.

अण्णांनी ज्याचं ऐकलं, तो
तुझा भाऊ
बारक्या