पूलवाल्यांचे रक्त आणि माझा पांढरा रुमाल

मी, तबारिक, वय सदुसष्ट, राहणार होयरख, अर्गुन नदीच्या वरच्या खोऱ्यात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. गुडघे सोडले तर शरीरही ठीक आहे. यजमानांचे नाव कागदावर लागतेच, असे नोटरी म्हणाला. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, म्हणून ते शेजारीण कोकाने येथे लिहिले: अलखझूर.

घर, आवार आणि नदीकडचा जमिनीचा तुकडा मुलगा सायखान याला, खाली लिहिलेल्या एका अटीवर. तो बेल्जियममध्ये ट्रक चालवतो. छत दोनदा बॉम्बने गेले आणि दोनदा बसवले. पश्चिमेचा कोपरा अजून गळतो, तो आधी पाहावा.

मधमाश्यांच्या नऊ पेट्या कोकाला. तिने १९९१ साली नेलेले माझे तांब्याचे पातेलेही तिने ठेवून घ्यावे. हे वाचून ती म्हणाली, "पातेलं तुझं होतंच कधी?" म्हणून मुद्दाम लिहिले.

ऐरण, भाता आणि हातोडे ज्याला लोहारकाम येते त्याने न्यावेत. यजमान लोहार होते. १९९४च्या पानगळीत याच ऐरणीभोवती गावचे अकरा पुरुष जमले. बंदुका पाच, त्यांतली एक शिकारीची. चढून येणाऱ्या फौजेसमोर त्यांनी खालचा पूल धरला, म्हणून गाव त्यांना पूलवाले म्हणू लागले. मी रोज मक्याची भाकरी भाजून पाठवत असे. पाचजण पुलावरच गेले. लढाई थांबली तेव्हा सहा होते. मधली तीन वर्षे शांततेची म्हणतात. काम नव्हते. एकजण माणसे पळवून खंडणी मागणाऱ्यांत गेला. यजमानांनी त्याला पुन्हा आवारात येऊ दिले नाही. दुसरा बाहेरून आलेल्यांचा पैसा आणि दाढी घेऊन आला, आणि आमच्या आजोबा-पणजोबांचा जिक्र, म्हणजे वर्तुळात बसून केलेले अल्लाचे नामस्मरण, खोटा ठरवू लागला. दुसऱ्या लढाईला चौघेच उरले. त्यांतला आज एक जिवंत आहे.

चाळीस पुस्तके गावच्या शाळेला. नकाशांचे जाड पुस्तक मात्र उमालतचे आहे, ते त्याला परत द्यावे. जिवंत आहे तो हाच. तो शाळेत गणित शिकवायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचे वाचन त्याने आणून दिलेल्या पुस्तकांवर झाले. म्हणायचा, "वहिनी, कळलं नाही तरी पान उलटत जा, पुढं कळतं." कळायचे.

आता रक्ताविषयी.

फेब्रुवारी २०००मध्ये ते चौघे माझ्या आवारात बसले होते. उमालत म्हणाला, "हत्यारं नदीत टाकू. आपण चारजण, समोर लाख. हे गणित सुटणारं नाही."

यजमान म्हणाले, "मास्तर, तुझं गणित घरी बायकोला शिकव."

"ती शिकलीये. म्हणून तर रोज विचारते, पुढचा कोण."

यजमानांनी सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात मारली. दोघांचेही हात खंजिरावर गेले. अशा वेळी बाईने डोक्यावरचा रुमाल मध्ये टाकला, की पुरुषांना थांबावेच लागते, आणि मग कुणाचा अपमान उरत नाही. रुमाल माझ्या डोक्यावर होता. हात पिठात होते. मनात म्हटले, भांडू देत. बाकीच्या दोघांनी त्यांना सोडवले, पण त्याने अपमान फिटत नाही. उमालत निघून गेला.

पुढच्या वर्षी फौजेने त्याला धरले, त्याच्या तीन वर्षांच्या लेकीलाही. तिसऱ्या दिवशी त्याने आमच्या भट्टीखालचे तळघर दाखवले. यजमान तिथे लपले होते, त्यांना घेऊन गेले. प्रेत मिळाले नाही. कबरस्तानात दगड उभा आहे, खाली कुणी नाही. लेक त्याला परत मिळाली.

तो मारामुळे बोलला, लेकीसाठी बोलला की त्या थपडेसाठी, हे मी पुष्कळ वर्षे मनात घोळवले. आता घोळवत नाही.

ज्याच्यावर आमच्या माणसाचे रक्त आहे, त्याने सूड किंवा माफी होईपर्यंत आमच्या वाटेत येऊ नये असा रिवाज आहे. सोळा वर्षे उमालत पुलावर आलेला नाही. खालून पाण्यातून जातो, हिवाळ्यातही. तीनदा वडीलधारी माणसे त्याच्यासाठी माफी मागायला आली. माफी पुरुषाने द्यायची असते. सायखान फोनवर म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. तू आहेस तोवर मी काही करत नाही. तुझ्या मातीला येईन, तेव्हा त्याचं बघतो." तो शब्दाचा पक्का आहे, बापासारखा. म्हणून मला मरणाची चिंता नाही, दुसऱ्या दिवसाची आहे.

माझा लग्नातला पांढरा रेशमी रुमाल उमालतची लेक खेदा हिला. ती एकोणीस वर्षांची आहे, नर्सिंग शिकते. तिला मध न्यायला म्हणून बोलावले, तर फाटकाबाहेरच उभी राहिली. रुमाल तिथेच दिला.

कोका म्हणाली, "अगं, वैऱ्याच्या घरात असला रुमाल देतात का?"

"लागणार तिथंच आहे," मी म्हटले.

खेदाने विचारले, "काकू, हा कुठं ठेवू?"

"डोक्यावर. पेटीत नको."

"आणि सायखान आले तर?"

"दारातच टाक, दोघांच्या मध्ये. आणि त्या दिवशी पीठ मळायला बसू नकोस."

अट अशी. सायखान, तू बॅग खाली ठेवण्याआधी कोका हे तुला फाटकात वाचून दाखवील. रुमाल तू ओळखशील, एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग आहे. तो तुझ्यापुढे पडला तर मी टाकला असे समज. सतरा वर्षे उशीर झाला, एवढेच. तो ओलांडून गेलास, तर घर आणि जमीन कोकाची. थांबलास, तर तुझी, आणि उमालतला पुलावरून जाऊ दे.

ज्यांच्या रक्ताचा हा विषय आहे त्यांचे नाव दुसऱ्याच्या अक्षरात राहू नये, म्हणून खाली मी लिहिते.

सही: तबारिक, अलखझूर यांची पत्नी

साक्षीदार:
१. कोका, शेजारीण. (पातेले माझेच होते. बाकी सर्व खरे.)
२. हाजी विसित, मशिदीचे मुल्ला.

ठिकाण: होयरख
तारीख: ९ नोव्हेंबर २०१७