आईंच्या खोलीची कडी

अहो,

क्लासमध्ये तुमचा फोन बंद असतो म्हणून लिहून ठेवते. आईंना दवाखान्यात घेऊन चालले. सकाळी निघताना तुम्ही त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि मला उठवलंही नाही. मी दार उघडलं तेव्हा त्या उंबऱ्यापाशी बसून नखांनी फरशी उकरत होत्या. दोन नखं उचकटलीत. “सुमन खाली हाय, माती काढा,” एवढंच म्हणत होत्या.

भूकंपात गावचं घर पडलं तेव्हा तुम्ही लातूरला होस्टेलवर होता. आई दिवसभर ढिगाऱ्याखाली होत्या. हे माहीत असून कडी लावलीत. त्या रस्त्यावर निघून जातील ही धास्ती मलाही आहे, म्हणून तर म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं ठरवून देणाऱ्या वैष्णवी मॅडमना बोलावलं. त्या चारला येतील, दिवसभराची बाईही त्याच देणार आहेत. कडी मी स्क्रू काढून सोबत नेतेय.

भात कुकरमध्ये आहे.

मॅडमनी दिलेला आईंच्या माहितीचा फॉर्म फ्रिजवर ठेवलाय. ‘अपत्ये किती’ याच्यापुढं तुम्ही एक लिहिलंय. ते खोडून दोन करा. मी करणार नाही. तुमच्या बहिणीचं नाव तुम्हीच लिहा.