जुना माल जमा

अल मुंतझा, दोहा.
शुक्रवार, ता. ९ जानेवारी २०२६. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. पत्र सुरू करण्यापूर्वी मी शर्टाचा खिसा शिवत होतो (तो का फाटला ते पुढे येईल).

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार (आमच्या दोन मजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर साष्टांग घालायला जागा नाही, म्हणून बसल्या बसल्या वाकून घातला आहे. डोकं वर लागलं, पण विशेष नाही). तुमची पाठ आता कशी आहे? नमिताताईची झोप होते का? आणि चि. नुपूरच्या खालच्या दोन दातांना वरून सोबत आली का? मी इथे ठीक आहे, वजन एक किलो आठशे ग्रॅम वाढलं आहे. त्याचंही कारण पुढे येईल.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये "हां हां, पुढे" म्हणता आणि मला नेमकं पुढचंच आठवत नाही. शिवाय फोन बऱ्याचदा ताई उचलते, आणि या पत्रातल्या काही गोष्टी तिच्या कानांसाठी नाहीत. माझ्या खोलीतल्या जहूरभाईंचा मेहुणा रविवारी शारजाला येतो आहे. तो हे पाकीट तुमच्या ऑफिसात तुमच्याच हातात देईल. पानांना क्रमांक घातले आहेत, तरी शेवटचं पान आधी वाचू नये ही विनंती.

सर्वात आधी तुमचे आभार मानतो. नववीत शाळा सुटलेल्या मेहुण्याला तुम्ही ओळखीतून इथल्या एसी दुरुस्तीच्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून चिकटवलंत, त्याला तीन वर्षं झाली. पण या खेपेचे आभार वेगळे आहेत, आणि ते कशाचे हे समजायला दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल.

दिवाळीला ताईने फोनवर सांगितलं की नुपूरचं जावळ अकराव्या महिन्यात काढायचं. मला जूनपर्यंत रजा नाही, म्हणून तुम्ही सगळे इथे येणार, अबू हमूरला गुरुप्रसाददादाच्या घरी कार्यक्रम होणार, आणि रीतीप्रमाणे मुलगी मामाच्या मांडीवर बसणार. इथपर्यंत मी आनंदाने हो हो म्हणत होतो. मग तिने आवाज न चढवता (ती आवाज चढवत नाही तेव्हाच भीती वाटते) पुढचं सांगितलं, की सिगारेटचा वास मारणाऱ्या मांडीवर माझी मुलगी बसणार नाही, गुरुदादाही तिचा मामाच आहे आणि तो सुपारीसुद्धा खात नाही. दाजी, गुरुदादाबद्दल माझ्या मनात काही नाही. चुलतभाऊ असला तरी सख्ख्यासारखा आहे, गॅस कंपनीत इंजिनिअर आहे, नीतावहिनी सणाला डबा पाठवतात. आणि नुसत्या मांडीचाच विचार केला तर त्याची मांडी माझ्यापेक्षा रुंदही आहे. पण नुपूरला सख्खा मामा एकच. मी तेव्हा दिवसाला अकरा सिगारेटी ओढत होतो.

दोन दिवसांनी तुम्ही बाल्कनीतून हळू आवाजात फोन केलात, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. तुम्ही म्हणालात की सिगारेट एकदम सुटत नाही, वाफेचं यंत्र, म्हणजे व्हेप, घे, धूर नाही, राख नाही, वास आला तर आंब्याचा. वर म्हणालात, "मी स्वतः आठ महिने ओढतोय, तुझ्या ताईला पत्ता नाही." मग तुम्ही दोन यंत्रांची नावं दिलीत, दोन्ही भारीतली, हवी तितकी ताकद कमीजास्त करता येणारी, आणि म्हणालात, निवड तुझी, पैसे माझे, येताना घेऊन येतो. मी "संध्याकाळपर्यंत सांगतो" म्हणालो. ती संध्याकाळ गेल्या शनिवारी झाली.

उशीर का झाला ते सांगतो. आमच्या स्टोअरचे दोन नियम आहेत. पहिला, जुना माल जमा केल्याशिवाय नवा माल मिळणार नाही. मेकॅनिकने जळका पंखा आणून दिल्यावरच मी नवा देतो, नाहीतर जुने पंखे कुठे जातात ते कळत नाही. हा नियम मी रोज दुसऱ्यांना लावतो, तेव्हा स्वतःला न लावणं बरोबर दिसलं नसतं. म्हणून शुक्रवार ता. १४ नोव्हेंबरला मी माझं पाकीट (आत बारा सिगारेटी) आणि लायटर जहूरभाईंच्या पेटीत जमा करून त्यांच्याकडून पावती घेतली. जहूरभाई दापोलीकडचे, कंपनीत पिकअप चालवतात, बावीस वर्षं इथे आहेत, पेटीला कुलूप आहे. त्यांनी विचारलं, "आणि नवीन कधी मिळणार तुला?" मी म्हटलं, निवड झाली की. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "निवड हां. सावकाश निवड."

दुसरा नियम असा की तीन कोटेशनांशिवाय खरेदी नाही. तुम्ही दोनच नावं दिली होतीत. तिसरं शोधण्यात तीन दिवस गेले, आणि ते सापडल्यावर कळलं की ते बनवणं कंपनीने दोन वर्षांपूर्वीच बंद केलं आहे. तरी कागदावर तीन झाले म्हणून पुढे गेलो. चार रियालची आडवी वही घेतली आणि रकाने आखले. पहिलं यंत्र दोन बॅटऱ्यांचं, पाचपासून दोनशे वॅटपर्यंत जाणारं. दुसरं एका बॅटरीचं, शंभर वॅटपर्यंत, पण पाण्यात पडलं तरी चालणारं. इथे मी अडकलो. आमच्या खोलीतली ट्यूब अठरा वॅटची आहे आणि तिच्यात सहाजणांचं भागतं. दोनशे वॅटवर ताईचं ताक घुसळायचं मशीन चालतं. एवढी वीज माणसाने तोंडाजवळ कशासाठी न्यायची? शंभर वॅटही मला जास्तच वाटले, पण मग आठवलं की पाचावर ठेवता येतं. मग वाटलं, पाचावरच ठेवायचं तर शंभराचं कशाला? (या एका प्रश्नाला वहीची चार पानं गेली आहेत. उत्तर मिळालेलं नाही.)

शिवाय तुम्ही म्हणाला होतात की वस्तू रोजच्या वापराला सोयीची पाहिजे. ते नुसत्या फोटोवरून कसं कळणार? म्हणून मी पुठ्ठ्याचे दोन खोके केले, अगदी यंत्रांच्या मापाचे, भंगारातले नटबोल्ट भरून स्टोअरच्या काट्यावर वजन केले. एक भरला २४८ ग्रॅम, दुसरा १७४. वरती चिकटपट्टी लावून वजन लिहिलं. पहिला खोका दोन आठवडे शर्टाच्या खिशात वागवला. चौथ्या दिवशी खिसा उसवला, अकराव्या दिवशी मी डावीकडे झुकून चालतो असं मेकॅनिक म्हणायला लागले. मग दुसरा खोका सुरू केला.

तो खिशात असताना ता. ३ डिसेंबरला जहूरभाईंबरोबर पर्ल या बड्या वस्तीतल्या एका टॉवरला एसीचे फिल्टर पोहोचवायला गेलो. दारावरच्या नेपाळी गार्डने तपासणीत खोका काढला, हलवला, आत खुळखुळलं. त्याने हिंदीत विचारलं, "ये क्या है?" मी खरं ते सांगितलं, "वजन है." "किसका वजन?" मी म्हटलं, "जो चीज अभी ली नहीं, उसका." यावर त्याने मला खुर्ची दिली आणि वायरलेसवर कोणाला तरी बोलावलं. जहूरभाई मागे उभे राहून गुटर्रसारखा काहीतरी आवाज काढत होते. मला वाटलं त्यांना ठसका लागला. ते हसत होते.

चाळीस मिनिटांनी आमचे सुपरवायझर जियादसाहेब आले. त्यांनी खोका फोडला, नटबोल्ट मोजले, मग माझी वही मागितली. मी गयावया करत दिली, कारण मला नोकरी जाताना दिसत होती, आणि नोकरीच्या मागोमाग मांडी. त्यांना मराठी येत नाही, पण रकाने सगळ्यांना कळतात. त्यांनी वही पुढून मागे आणि मागून पुढे पाहिली, गार्डला म्हणाले "खलास," म्हणजे मिटलं, "आमचाच माणूस आहे," आणि गाडीत बसताना मला सांगितलं की कंपनीला ड्रिल मशीनं घ्यायची आहेत, त्यांचा असाच तक्ता करून दे. तो मी दोन दिवसांत केला (ड्रिल मशीन खिशात घालायचं नव्हतं म्हणून लवकर झाला). या महिन्यापासून खरेदीचे सगळे तक्ते माझ्याकडे आले आहेत. तेव्हा त्या गार्डचेही मी आभार मानतो. पुढच्या खेपेला त्याला खजूर नेऊन दिले.

परत आल्यावर खोका नवा केला, पण तेवढ्यात कंपनीने थंडीची जॅकेटं वाटली. आता पहिला खोका शर्टाच्या खिशात आणि दुसरा जॅकेटच्या खिशात, ही तुलना न्याय्य होईना. म्हणून दोन्ही चाचण्या जॅकेटवर पुन्हा घेतल्या. अशा रीतीने गेल्या शनिवारी, ता. ३ जानेवारीला, एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न गुणांनी एका बॅटरीचं यंत्र निवडून आलं. मी पाव किलो पेढे आणले. जहूरभाईंपुढे धरले आणि म्हटलं, निवड झाली, आता दाजी बावीस तारखेला घेऊन येतील.

जहूरभाईंनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, "कसा आणतील? इथे ता आणायला बंदी हाय." मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, लय वर्षं झाली, विकायलाही बंदी, आणायलाही. मी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? "पयल्या दिवसापासून."

दाजी, मी पेढ्यांचा पुडा बंद केला. पन्नास दिवस, साठ पानं, एक फाटका खिसा, आणि हा माणूस रोज समोर बसून चहा पीत माझे रकाने बघत होता. कोणता रंग बरा असं विचारल्यावर "निळा" असं उत्तरही त्याने दिलं होतं. मग त्यांनी पेटी उघडली, माझं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "घे तुझा माल. येडा, तू निवडत होतास तवर ओढत नव्हतास. मी कशाला मध्ये बोलू?"

पाकीट मी हातात घेतलं. वास घेतला. जुन्या पुठ्ठ्यासारखा वास आला. मग परत त्यांच्याकडे दिलं आणि पावतीवर तारीख वाढवून घेतली. त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की मला जेवण लागतंय (एक किलो आठशे ग्रॅमचं कारण हे), जिना चढताना थांबावं लागत नाही, आणि जहूरभाईंनी मधल्या काळात माझ्या उशाला रोज बडीशेपेची पुडी ठेवली होती, ती मी खोलीचीच आहे असं समजून खात होतो.  उरलेले पेढे त्यांना दिले. त्यांनी ते नुपूरच्या जावळाचे म्हणून खाल्ले.

तर दाजी, तुमच्या देण्याचा अव्हेर करतोय असं कृपा करून मानू नका. तुम्ही यंत्र देऊ केलं नसतं तर मी निवडायला बसलो नसतो, आणि दोन देऊ केली नसती तर संध्याकाळपर्यंत निवड झाली असती. तुम्ही दिलेली अडचण मला यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली. ते आणू नका, विमानतळावर जप्त होईल आणि ताईसमोर होईल. यावं, नीट यावं, नुपूरला टोपी घालून आणावं, इथे सकाळी वारं बोचतं.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
अवधूत

ता. क. : नवं यंत्र आणू नका म्हटलं, त्यात तुमचं जुनंही आलं. ताईला तुम्ही जिला ऑफिसची पॉवर बँक म्हणून सांगितलं आहे तीच. गेल्या आठवड्यात ताईने मला विचारलं की आजकालच्या पॉवर बँकांना आंब्याचा वास येतो का. मी म्हटलं, मी चौकशी करून सांगतो. सोबत पावती क्रमांक दोन कोरी जोडली आहे. जहूरभाईंच्या मेहुण्याकडे माल जमा करून ती भरून घ्यावी. तोही कुलपाची पेटी बाळगतो.

ता. क. २ : आता जे लिहितो आहे त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. ता. ३ डिसेंबरला पर्लहून आल्यावर मी जेवायलाही बसलो नाही. मी जहूरभाईंकडे रीतसर मागणी चिठ्ठी दिली : सिगारेट एक नग, कारण मनस्ताप. त्यांनी चिठ्ठीवर सही घेऊन दिली. अर्धी ओढली आणि मांडी आठवली. उरलेली अर्धी विझवून परत जमा केली. नोंद आहे. पण ताईला मी १४ नोव्हेंबरपासून एकही नाही असं सांगून बसलो आहे, आणि खोटी नोंद करून नुपूरला मांडीवर घेणं माझ्याने होणार नाही. तेव्हा तुम्ही पॉवर बँकेचं ताईला सांगाल त्याच वेळी माझ्या अर्धीचंही सांगावं. मोठ्या गोष्टीच्या मागे लहान गोष्ट खपून जाते. ती नाही म्हणाली तर मी गुरुदादाच्या शेजारी पाट घेऊन बसेन, निदान टोपी धरीन.

ता. क. ३ : तुम्ही नाही सांगितलंत तरी माझा राग नाही. फक्त ताईने मला थेट विचारलं तर काय होतं हे तुम्हाला माहीत आहेच.

हिशेब : वही चार रियाल, सुई-दोरा दोन, पेढे पंधरा, गार्डचे खजूर दहा. एकूण एकतीस, सगळे माझे. यंत्रापोटी तुमच्याकडून येणे काही नाही. सिगारेटी जमा बारा, शिल्लक साडेअकरा. देणे अर्धी, ताईला.