शेऱ्याच्या चार ओळी

वर्धा,
ता. १४ फेब्रुवारी १९८२

प्रिय जयवंताबाई,

नमस्कार. चंद्रभानभाऊंचा खोकला थांबला का? बदलीनंतर मी इथे आता रुळले आहे.

“बाई, पगार येते, पन पोरीचे हात मोकळे नाई राह्यत.” समुद्रपूरच्या शाळेच्या पायरीवर तुम्ही हे म्हणालात, त्याला तीन वर्षं होतील. रुख्मिणी सातवीत होती. वर्ध्याच्या मुलींच्या वसतिगृहासाठी मी तिचा अर्ज भरत होते. तुम्ही हसून विचारलंत, “तुमच्या कागदात हात लिवायले जागा हाय का?”

जागा होती.

तुमच्या घरी मी येऊन गेले होते. कडेवर धाकटी बहीण घेऊन रुख्मिणी नाल्यातल्या झिऱ्यापाशी वाटीवाटीनं पाणी भरत होती. तुम्ही दिवसभर कापूस वेचायला, चंद्रभानभाऊ सिंदीला जिनिंगमध्ये, घरात सासूबाई आंधळ्या. पुस्तक तिनं पिठाच्या डब्यावर उघडं ठेवलं होतं. जाता-येता एकेक ओळ वाचायची.

अर्ज परत आला. चंद्रभानभाऊंचा पगार मर्यादेपेक्षा थोडा जास्त. मी म्हटलं, “नियमच तसा आहे, माझ्या हातात काही नव्हतं.” तुम्ही मान हलवलीत आणि जाताना पदरातल्या तुरीच्या शेंगा माझ्या टेबलावर ओतल्यात.

मी खोटं बोलले होते. अर्जावर वर्गशिक्षकाच्या शेऱ्यासाठी चार ओळी असतात. घरची अडचण तिथे लिहिली, तर मर्यादेबाहेरचा अर्जही समितीपुढे जातो. मी काही लिहिलं नाही.

का, ते सांगण्यासाठी लिहिलेली दोन पत्रं फाडली. हे तिसरं. तालुक्याला त्या वर्षी एकच जागा होती, आणि माझ्याच वर्गातल्या, माझ्या मोठ्या दिरांच्या मीराचाही अर्ज होता. त्यांच्या घरी नळ, ओलिताची शेती, मुलीला वेगळी खोली. दाखल्यावर मात्र उत्पन्न थोडकंच. तिच्या अर्जावर मी चारही ओळी भरल्या. अक्षर मुद्दाम सुरेख काढलं.

मीरा येत्या मार्चात मॅट्रिकला बसते आहे. परवा एसटीत तुमच्या शेजारच्या शकुबाई भेटल्या. रुख्मिणीचं वैशाखात लग्न आहे म्हणाल्या. “इतक्यात?” मी विचारलं. “शाळा सुटली. मंग घरी ठेवून काय करतीन, बाई?”

तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र रुख्मिणीच वाचून दाखवत असेल. बाळ, इथवर वाचलंस तसं पुढेही वाच. तू कुठे कमी पडली नव्हतीस. मी तुला डावललं.

जयवंताबाई, तुम्ही शब्द देऊन बसला आहात. सोयरीक मोडली तर गावात काय बोलतील, ते मला कळतं. त्यात मागणारी मी. तुम्ही नाही म्हणाल, हे धरूनच लिहिते आहे. तरी हे लग्न दोन वर्षं थांबवा आणि रुख्मिणीला शिकायला माझ्याकडे पाठवा.

तुम्हा दोघींची अपराधी,
सुलोचना